सहज सुचण्याजोगे काय? एका गोळीचा खटला आणि आपला रुग्ण साहाय्य निधी

(रुग्णालयाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्ण साहाय्य निधी समितीच्या वतीने केलेले भाषण)



दरवर्षी या व्यासपीठावरून आमची समिती निधीच्या कार्याचा वृत्तान्त सादर करते. यंदाचा वृत्तान्त अहवालाच्या पुढील पानांत छापला आहे आणि कोषाध्यक्ष त्यातील आकडे आपल्यापुढे मांडणारच आहेत. म्हणून आज आम्ही थोडी वेगळी वाट धरत आहोत. मागील सभेनंतर चहाच्या वेळी एका ज्येष्ठ देणगीदारांनी आम्हाला दोन प्रश्न विचारले. कर्करोगावरची एक गोळी तयार करण्यास फारसा खर्च येत नाही असे ऐकतो, तर निधीतून तिच्यासाठी एवढी रक्कम का मोजली जाते, हा पहिला. आणि तीच गोळी दुसरी कंपनी तिसऱ्या हिश्शाच्या किमतीत देत असेल, तर ती पहिल्या दिवसापासून का घेतली जात नाही, हा दुसरा. दोन्ही प्रश्न रास्त होते. परंतु कपबशी हातात धरून त्यांची उत्तरे देण्यासारखी नव्हती. आणि खरे सांगायचे तर दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना आम्हाला आमच्याच एका चुकीचा कबुलीजबाब द्यावा लागणार होता. तो आज देतो.

ज्या औषधांविषयी बोलावयाचे आहे, ती कायनेज नावाच्या विकरांना रोखणारी औषधे होत. आपल्या पेशीत सुमारे 500 प्रकारची कायनेज विकरे असतात. एटीपी या रेणूकडून फॉस्फेटचा एक गट उचलून तो एखाद्या प्रथिनाला जोडणे, एवढेच त्यांचे काम. परंतु हा गट जोडला गेला की ते प्रथिन जागे होते आणि पेशीला वाढण्याचा, विभागण्याचा निरोप पुढे जातो. घरातील विजेच्या बटनासारखे हे काम आहे. काही कर्करोगांत असे एखादे बटन चालू स्थितीतच अडकून बसते. दीर्घकालीन मायलॉइड रक्तकर्करोगात नेमके हेच घडते. 9 आणि 22 या क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात आणि त्यातून कधीही न थांबणारे कायनेज जन्माला येते. त्या कायनेजच्या ज्या खाचेत एटीपी बसतो, त्या खाचेत आधीच जाऊन बसणारा रेणू म्हणजे इमॅटिनिब. अमेरिकेत 2001 साली त्याला मान्यता मिळाली. पूर्वी ज्या रुग्णांच्या कुटुंबीयांशी आम्ही खालच्या आवाजात बोलत असू, त्यांतील अनेकजण आज गोळी घेऊन नोकरीला जातात.

येथे एक बाब ध्यानी घ्यावयास हवी. जवळजवळ सर्व कायनेज विकरांची ती खाच एकमेकांसारखी असते. साहजिकच तीत बसविण्यासाठी घडविलेले रेणूही एकमेकांचे नातलग वाटतात. सांगाडा तोच, एका टोकाचा एखादा गट निराळा. एवढ्याशा बदलाने कधी काहीच घडत नाही, कधी औषध निकामी होते, तर कधी त्याचा गुण पुष्कळ वाढतो. म्हणूनच या औषधांच्या पेटंटांवरून जेवढे वाद झाले, त्यांतील बहुतेकांच्या मुळाशी एकच प्रश्न आढळतो. हा बदल त्या विषयातील जाणकाराला सहज सुचण्याजोगा होता, की त्यासाठी खरोखर कल्पकता लागली?

पेटंट हा समाजाने संशोधकाशी केलेला सौदा आहे. संशोधकाने आपली कृती उघड करावी आणि त्या बदल्यात 20 वर्षे इतरांना ती वस्तू करण्यापासून रोखण्याचा अधिकार त्याला मिळावा. आपल्या 1970 च्या पेटंट कायद्यात औषधाच्या वस्तूवर पेटंट नव्हते, केवळ ती तयार करण्याच्या प्रक्रियेवर होते. त्यामुळेच आपल्याकडील औषधउद्योग उभा राहिला आणि औषधे स्वस्त मिळू लागली. जागतिक व्यापार संघटनेच्या करारानुसार 1 जानेवारी 2005 पासून औषधाच्या वस्तूवरही पेटंट देणे आले. परंतु कोणत्याही नव्या वस्तूला पेटंट मिळत नाही. ती उपलब्ध ज्ञानाच्या तुलनेत तांत्रिकदृष्ट्या पुढे गेलेली किंवा आर्थिकदृष्ट्या महत्त्वाची असावी, आणि जाणकाराला सहज सुचण्याजोगी नसावी, अशी अट कायद्यातच आहे. जे कोणालाही सुचले असते त्यासाठी समाजाने 20 वर्षे वाढीव किंमत का मोजावी, हा त्यामागील साधा न्याय.

न्याय साधा असला तरी त्याचा वापर कठीण आहे. लहानपणी आपण कोडी घालत असू. उत्तर न येणारा मुलगा उत्तर ऐकताच म्हणे, "हे तर मला येतच होतं." पेटंटचा वाद न्यायालयात पोहोचतो तेव्हा औषध बाजारात आलेले असते, रुग्ण बरे झालेले असतात, रेणूचे चित्र सर्वांसमोर असते. तेव्हा मागे वळून पाहताना सारेच सोपे दिसते. आणि याच्या उलटही खरे आहे. स्वतःच्या संशोधनावर अफाट खर्च केलेल्या कंपनीला आपला प्रत्येक लहानसा बदल महान शोध वाटतो. या दोहोंमध्ये उभे राहून न्यायाधीशांना कित्येक वर्षांपूर्वीच्या एका विशिष्ट तारखेला जाणकाराला काय सुचले असते, हे ठरवावे लागते. ही कसरत सोपी नव्हे, आणि ती करणाऱ्यांविषयी आमच्या मनात आदरच आहे.

आता ज्या गोळीमुळे हा विषय आमच्या दारात आला तिच्याकडे वळतो. तिचे नाव एर्लोटिनिब. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या एका प्रकारात पेशीच्या पृष्ठभागावरील वाढीचा निरोप घेणाऱ्या कायनेजला ती रोखते. मात्रा दिवसाला एक गोळी. रोश या कंपनीने 2006 साली टार्सिवा या नावाने ती भारतात आणली. भारतातील पेटंटसाठी अर्ज मार्च 1996 मध्ये झाला होता आणि पेटंट फेब्रुवारी 2007 मध्ये मंजूर झाले. एका गोळीची किंमत सुमारे 4,800 रुपये. महिन्याच्या 30 गोळ्यांचे 1,44,000 रुपये होतात. जानेवारी 2008 मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीच गोळी सुमारे 1,600 रुपयांना देण्याचे जाहीर केले. महिन्याचे 48,000 रुपये. हीदेखील सामान्य कुटुंबाच्या आवाक्यातील रक्कम नव्हे, हे आम्ही जाणतो. परंतु ज्या घरात शेत विकून 48,000 उभे राहू शकतात, त्या घरात 1,44,000 उभे राहत नाहीत.

रोशने लगोलग दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. सिप्लाचा बचाव असा, की हे पेटंट मुळातच टिकणारे नाही. दुसऱ्या एका कंपनीच्या आधीच्या युरोपीय पेटंटात क्विनाझोलिन या सांगाड्यावरचे अनेक रेणू उदाहरणादाखल दिले होते. त्यांतील 51 व्या उदाहरणाचे चित्र आणि एर्लोटिनिबचे चित्र शेजारी ठेवले, तर फरक एकाच जागी आढळतो. तेथे मिथाइल गट होता, येथे इथायनिल आहे. रसायनशास्त्र न शिकलेल्यांसाठी सांगतो. मिथाइल म्हणजे एक कार्बन आणि त्याला चिकटलेले तीन हायड्रोजन. इथायनिल म्हणजे तिहेरी बंधाने जोडलेले दोन कार्बन आणि टोकाला एक हायड्रोजन. एका बाजूचा सवाल असा, की हा बदल कोणत्याही रसायनशास्त्रज्ञाला सुचला नसता काय? दुसऱ्या बाजूचा असा, की त्या पेटंटातील इतकी उदाहरणे सोडून तो नेमके 51 वेच का निवडेल, आणि निवडले तरी नेमक्या त्याच जागी नेमका हाच गट का बसवेल?

हा वाद दिल्लीत रंगत असताना आमच्याकडे काय चालले होते, ते आता सांगतो.

त्या वर्षीच्या जानेवारीअखेर एक निवृत्त शिक्षक आमच्या कर्करोग विभागात उपचार घेत होते. जिल्ह्याच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर गणित शिकविले होते. डॉक्टरांनी एर्लोटिनिब लिहून दिले. निधीतून आणि त्यांच्या भविष्यनिर्वाह निधीतून मिळून पहिल्या महिन्याच्या गोळ्या घेतल्या गेल्या. पुढच्या महिन्याची तजवीज कशी करावयाची, या विचारात सारेजण असताना त्यांची मुलगी वर्तमानपत्रातील कात्रण घेऊन आमच्या कार्यालयात आली. तिच्या हातात स्वस्त गोळीची बातमी होती. आम्ही ती आमच्या खरेदी समितीपुढे ठेवली. समितीने निर्णय घेतला, की प्रकरण न्यायप्रविष्ट आहे, धर्मादाय संस्थेने वादग्रस्त औषध खरेदी करून न्यायालयाचा रोष ओढवून घेऊ नये, निकाल लागेपर्यंत थांबावे.

त्या मुलीने आम्हाला एवढेच विचारले, "बाबांनीही निकाल लागेपर्यंत थांबायचं का?"

या प्रश्नावर आम्ही तिला कायद्याविषयी काहीतरी समजावून सांगितले. काय सांगितले ते आता आठवत नाही, आणि आठवत नाही हेच बरे. पुढे एका तपासणीत परिचारिकेच्या लक्षात आले, की गोळ्यांच्या पट्टीतील हिशेब जुळत नाही. गुरुजी एक दिवसाआड गोळी घेत होते. पट्टी दुप्पट दिवस पुरावी म्हणून त्यांनी हे स्वतःच ठरविले होते आणि घरात कोणालाही सांगितले नव्हते. गणिताच्या शिक्षकाने मांडलेला हा हिशेब आमच्या समितीतील कोणीही विसरू शकलेले नाही.

आमची चूक काय होती? दावा दाखल होणे आणि दावा शाबीत होणे यांतला फरक आम्ही विसरलो. गोळीला औषध नियंत्रकांचा परवाना होता. तिच्या विक्रीस कोणत्याही न्यायालयाने मनाई केलेली नव्हती. आम्ही ज्यांच्या रोषाला भ्यालो, त्या न्यायालयाने एक शब्दही उच्चारलेला नव्हता. आमच्या कायदा सल्लागारांना आम्ही हा प्रश्न लेखी विचारला असता, तर उत्तर एका दिवसात मिळाले असते. आम्ही विचारलाच नाही. सावधपणा हा गुण आहे अशी आपल्या संस्थेची शिकवण आहे. परंतु त्या वेळी आमच्या सावधपणाची किंमत दुसरे कोणीतरी मोजत होते.

19 मार्च 2008 रोजी न्यायमूर्ती रवींद्र भट यांनी रोशला अंतरिम मनाई हुकूम नाकारला. सिप्लाने पेटंटच्या वैधतेविषयी उपस्थित केलेली शंका फेटाळण्याजोगी नाही, हे त्यांनी पाहिलेच. परंतु त्याहून महत्त्वाची बाब पुढे होती. खटल्याचे दोन पक्षकार न्यायालयापुढे असतात. औषध हिरावले गेल्यास ज्यांचे आयुष्य उणे होईल ते असंख्य अनोळखी रुग्ण मात्र पक्षकार नसतात, आणि त्यांचे नुकसान पुढे पैशाने भरून देता येत नाही, असा विचार त्यांनी निकालपत्रात मांडला. त्या दिवशी आमच्या खरेदी समितीने स्वस्त गोळ्यांची मागणी नोंदविली. गुरुजींना त्या मिळाल्या. पुढे ते काही महिने होते. त्यांचे दुखणे कोणत्याही गोळीने कायमचे बरे होणारे नव्हते, हे त्यांना आणि आम्हालाही ठाऊक होते. तरीही एक दिवसाआडचे ते दिवस आम्ही आमच्या खात्यावर लिहून ठेवले आहेत.

एप्रिल 2009 मध्ये मुख्य न्यायाधीश ए. पी. शहा आणि न्यायमूर्ती एस. मुरलीधर यांच्या खंडपीठाने रोशचे अपील 5 लाख रुपयांच्या खर्चासह फेटाळले. खटल्याची मूळ सुनावणी मात्र चालूच राहिली. सप्टेंबर 2012 मध्ये न्यायमूर्ती मनमोहन सिंग यांनी पेटंट वैध ठरविले, पण सिप्लाची गोळी त्या रेणूच्या एका विशिष्ट स्फटिकरूपात असल्याने पेटंटचा भंग होत नाही असे म्हटले. 27 नोव्हेंबर 2015 रोजी खंडपीठाने तेही बदलले. पेटंट रेणूचे आहे, मग तो कोणत्याही स्फटिकरूपात असो. म्हणून भंग झाला आहे. सहज सुचण्याच्या प्रश्नावर त्या खंडपीठाने जी रीत घालून दिली ती आम्हाला वाचनीय वाटली. प्रथम जाणकार कोण हे ठरवावे. मग शोधाचे सार काय ते पाहावे. त्या तारखेला त्या सामान्य, फार कल्पक नसलेल्या जाणकाराला काय ठाऊक होते ते मांडावे. जुने आणि नवे यांतील फरक शोधावा. आणि शेवटी, मागाहून आलेले शहाणपण बाजूला ठेवून, तो फरक त्याला सहज सुचला असता काय, हे विचारावे. दोन रेणूंची चित्रे एकमेकांसारखी दिसतात एवढ्यावरून उत्तर देता येत नाही. मिथाइलच्या जागी इथायनिल बसवावे असे आधीच्या ज्ञानातून कोणाला का वाटले असते, हे दाखवावे लागते. आणि सिप्लाला ते दाखविता आले नाही.

म्हणजे अखेरीस रोशचे म्हणणे खरे ठरले. आम्ही हे मुद्दाम स्पष्ट करत आहोत, कारण अशा प्रसंगी देणगीदारांसमोर मोठी कंपनी खलनायक आणि देशी कंपनी नायक अशी गोष्ट सांगण्याचा मोह होतो. तशी ती नाही. 51 व्या उदाहरणापासून एर्लोटिनिबपर्यंतचे अंतर खरे होते, असे न्यायालयाने पुराव्यानिशी ठरविले. याच रेणूविषयी अमेरिकेत 2019 साली अपील न्यायालयाने दिलेला निकालही पाहण्यासारखा आहे. तेथे प्रश्न वेगळा होता, रेणू ठाऊक झाल्यावर फुप्फुसाच्या कर्करोगावर त्याचा उपयोग करणे सहज सुचण्याजोगे होते काय, असा. 1990 ते 2005 या काळात या रोगासाठी चाचणीच्या दुसऱ्या टप्प्यात गेलेल्या सोळाशेहून अधिक औषधांपैकी केवळ 7 औषधांना मान्यता मिळाली, ही बाब त्या न्यायालयाने विचारात घेतली. जेथे शंभरातील नव्याण्णवांहून अधिक प्रयत्न फसतात, तेथे यशाची रास्त अपेक्षा होती असे म्हणता येणार नाही, असा त्याचा आशय. आमच्या कर्करोग विभागातील ज्येष्ठ डॉक्टरांना हे वाचून दाखविले तेव्हा ते म्हणाले, की त्या फसलेल्या औषधांपैकी कित्येकांविषयी ते स्वतः कधीकाळी आशावादी होते.

पण दिल्लीच्या निकालात एक शेवटची ओळ होती. पेटंटची मुदत मार्च 2016 मध्ये, म्हणजे चार महिन्यांत संपणार होती. म्हणून मनाई हुकूम दिला गेला नाही. सिप्लाने आपल्या नफ्याचा हिशेब द्यावा आणि खर्चाचे 5 लाख रुपये भरावेत, एवढाच आदेश झाला. जानेवारी 2008 पासून स्वस्त गोळी बाजारातून एक दिवसही हटली नाही. आठ वर्षे चाललेल्या खटल्यात पेटंटधारक जिंकला आणि रुग्णांना औषधही मिळत राहिले, ते 2008 च्या मार्चमधील एका अंतरिम आदेशामुळे. तो आदेश उलटा असता, तर 2015 चा निकाल कोणाच्याही बाजूने लागला तरी मधल्या काळातील रुग्णांना त्याचा उपयोग नव्हता. वर्षांनी मोजला जाणारा काळ न्यायालयाचा असतो. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णाचा काळ गोळ्यांच्या पट्ट्यांनी मोजला जातो.

आरंभी ज्या इमॅटिनिबचा उल्लेख केला, त्याचा भारतातील इतिहास याहून गुंतागुंतीचा आहे, आणि त्यात आपल्यासारख्या संस्थेचा वाटा आहे. नोव्हार्टिसच्या या औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे 1,20,000 रुपये होता, तर भारतीय कंपन्यांचे तेच औषध सुमारे 8,000 ते 10,000 रुपयांत मिळे. नोव्हेंबर 2003 मध्ये कंपनीला विक्रीचा अनन्य अधिकार मिळाला. त्यावरून मद्रास उच्च न्यायालयाने भारतीय कंपन्यांना अंतरिम मनाई केली, तर मुंबई उच्च न्यायालयाने तशी मनाई नाकारली. पुन्हा तेच! औषध एक, रोग एक, आणि कोणत्या कंपनीची गोळी बाजारात राहावी याविषयी दोन न्यायालयांची दोन मते. पेटंटच्या अर्जाला विरोध करणाऱ्यांत भारतीय औषध कंपन्यांबरोबर मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही धर्मादाय संस्था होती.

हा अर्ज इमॅटिनिबच्या एका क्षाराच्या, मेसिलेटच्या, बीटा स्फटिकरूपासाठी होता. 2006 साली चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने तो फेटाळला. कारणांत एक कारण असे, की 1993 च्या मूळ पेटंटानंतर हे रूप सहज सुचण्याजोगे होते. 2009 साली अपील मंडळाने नेमके उलट सांगितले. त्याच्या मते हे रूप सहज सुचण्याजोगे नव्हते. परंतु ज्ञात पदार्थाच्या नव्या रूपाने गुण वाढल्याखेरीज पेटंट मिळू नये असे सांगणाऱ्या कलम 3(ड) मुळे पेटंट देता येत नाही. 1 एप्रिल 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती आफताब आलम आणि न्यायमूर्ती रंजना देसाई यांनी अंतिम निकाल दिला. मेसिलेट क्षार मूळ पेटंटामुळे ज्ञातच होता, आणि बीटा रूप कलम 3(ड) च्या कसोटीस उतरत नाही. औषधाच्या बाबतीत गुण म्हणजे रोग बरा करण्याचा गुण. शरीरात शोषण 30 टक्के अधिक होते एवढ्याने तो सिद्ध होत नाही. एकाच पदार्थाविषयी तीन अधिकारस्थानांनी तीन वेगळ्या वाटांनी जाऊन अर्ज नाकारला. सहज सुचणे ही कल्पना किती निसरडी आहे, याचे याहून चांगले उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

निष्पक्षपणे हेही सांगावयास हवे, की नोव्हार्टिसने या औषधाचे मोफत वाटप करणारा एक आंतरराष्ट्रीय कार्यक्रम चालविला आणि भारतातील हजारो रुग्णांना त्यातून औषध मिळाले. तो उपकार आम्ही नाकारत नाही. परंतु दान आणि किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आम्ही स्वतः दानावर चालणारी संस्था असल्याने हा फरक आम्हाला इतरांपेक्षा थोडा अधिक कळतो.

पेटंटचा वाद न करताही किंमत उतरू शकते, याचे एक उदाहरण मुंबईचेच आहे. सोराफेनिब हे मूत्रपिंड आणि यकृताच्या कर्करोगावरील कायनेजरोधक औषध बायर कंपनी महिन्याला 2,80,428 रुपयांना विकत असे. मार्च 2012 मध्ये मुंबईतील पेटंट नियंत्रकांनी नॅटको कंपनीस ते 8,800 रुपयांत विकण्याचा सक्तीचा परवाना दिला आणि मूळ कंपनीस स्वामित्वधन देण्याची अट घातली. पेटंट अबाधित राहिले. मात्र औषधासाठी असा परवाना मिळणे ही आपल्याकडे क्वचितची गोष्ट ठरली आहे, तेव्हा तिच्या भरवशावर निधीचे नियोजन करता येणार नाही.

आता आमच्या ज्येष्ठ देणगीदारांच्या प्रश्नांकडे परत येतो. गोळीच्या किमतीत घटक द्रव्यांचा खर्च थोडा असतो हे खरे. उरलेली रक्कम फसलेल्या शेकडो रेणूंची, चाचण्यांची, कंपनीच्या नफ्याची आणि पेटंटमुळे स्पर्धक नसण्याची असते. त्यांतील किती रास्त, हे ठरविणे आमचे काम नव्हे. आमचे काम आपला पैसा कमीत कमी किमतीत आणि वेळेवर रुग्णापर्यंत पोहोचविणे आहे. 2008 नंतर आम्ही खरेदीची रीत बदलली. परवाना असलेल्या आणि मनाई नसलेल्या औषधांतून सर्वांत कमी किमतीचे चांगले औषध घ्यावयाचे. न्यायालयीन वाद असल्यास कायदा सल्लागारांचे लेखी मत आठ दिवसांत मागवावयाचे, आणि ते येईपर्यंत रुग्णाची गोळी बंद पडू द्यावयाची नाही. फरकाची रक्कम निधीने सोसावयाची. शिवाय आमची परिचारिका प्रत्येक भेटीत पट्टीतील गोळ्या मोजते. कुटुंबीयांनी याचा राग मानू नये ही विनंती. अविश्वास म्हणून आम्ही मोजत नाही. गोळ्या पुरवून पुरवून घ्यावयाची वेळ कोणावर आली असेल, तर ते आम्हाला आधी कळावे एवढाच हेतू आहे.

एक प्रश्न मात्र आमच्या समितीत सुटलेला नाही आणि तो आम्ही विश्वस्त मंडळापुढे ठेवत आहोत. कायद्यानुसार पेटंट मंजूर होण्यापूर्वी कोणतीही व्यक्ती त्याला विरोध नोंदवू शकते. त्यासाठी स्पर्धक कंपनी असावे लागत नाही. मुंबईच्या त्या संस्थेने ते करून दाखविले आहे. फुप्फुसाच्या कर्करोगासाठी आज नव्या पिढीची कायनेजरोधक औषधे आली आहेत. त्यांतील ओसिमर्टिनिबवरील सीमाशुल्क 2024 च्या अर्थसंकल्पात माफ झाले, तरीही ते आपल्या बहुसंख्य रुग्णांच्या आवाक्याबाहेर आहे. अशा औषधांच्या किरकोळ बदलांवर पुढे पेटंटचे अर्ज आले, तर आपल्यासारख्या रुग्णालयाने विरोध नोंदवावा काय? समितीतील काहींचे मत असे, की एका अर्जाला यशस्वी विरोध केल्यास जितक्या रुग्णांना लाभ होईल, तितका निधीच्या कित्येक वर्षांच्या वाटपातूनही होणार नाही. इतरांचे मत असे, की देणगीदारांनी पैसा गोळीसाठी दिला आहे, वकिलांच्या मानधनासाठी नव्हे. शिवाय एर्लोटिनिबच्या खटल्यात बलाढ्य कंपनीलाही जे सिद्ध करता आले नाही, ते आपण काय सिद्ध करणार? दोन्ही मतांत तथ्य आहे. संस्थेच्या घटनेतील उद्दिष्टांत आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमात असा खर्च बसतो काय, याविषयी कायदा सल्लागारांचे मत मागविले आहे. यावेळी लेखी मागविले आहे.

देणगीदारांपैकी ज्यांना या विषयावर मत द्यावयाचे असेल, त्यांच्यासाठी बाहेरील टेबलावर कोरे कागद ठेवले आहेत. त्यावर नाव लिहिलेच पाहिजे असे नाही. आलेली सर्व मते विश्वस्त मंडळाच्या पुढील बैठकीत वाचली जातील.

आता कोषाध्यक्षांनी निधीचे हिशेब मांडावेत, अशी विनंती करतो.